कपाटावर धरलेला नेम

नेमबाजी क्लबचं पिस्तूल माझ्याकडे जूनपर्यंतच राहणार होतं. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर ते आणखी वर्षभर मिळणार, नाहीतर दुसऱ्या मुलीला द्यायचं. मागच्या वर्षी मी राखीव होते. तेव्हा क्लबच्या सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "नजर चांगली आहे हिची, पण भित्री आहे. हात थरथरतो." मी मान हलवली. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मला इंग्रजी शाळेत एक गोष्ट पक्की कळली होती : मान हलवली की पुढचा प्रश्न येत नाही.

रेंज आठवड्यातून दोनदाच उघडायची. म्हणून यंदा बाबांनी घरी सराव करायचं यंत्र आणलं, एका जुन्या खेळाडूने वापरलेलं. समोरचं टार्गेट टिपणारा काडेपेटीएवढा सेन्सर पिस्तुलाच्या नळीखाली बसवायचा आणि वायर लॅपटॉपला जोडायची. छर्रा नाही, आवाज नाही, ट्रिगरची नुसती टिक. पण नळी कुठे कुठे भटकली त्याची रेघ स्क्रीनवर उमटते. नेम धरताना हिरवी, शेवटच्या क्षणाला पिवळी.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीतल्या आमच्या घरात सरळ मोकळं अंतर एकच : बेडरूमच्या दारापासून हॉलमधल्या लोखंडी कपाटापर्यंत. कपाटाच्या दारावर लहान आकाराचं टार्गेट चिकटवलं आणि मी उभी राहिले. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं.

"अवं बाई, तुह्या पोरीनं कपाटावर पिस्तूल काऊन धरलं? चोर घुसला का त्यात?"

"चोर नाई वं," आई आतून म्हणाली, "माह्या साड्या हायेत. त्यायच्यावरच राग हाये तिचा."

मी हात खाली घेतला नाही, पण कान तापले.

स्क्रीनवरची रेघ मात्र हसण्यासारखी नव्हती. ती कधी थांबायचीच नाही. बारीक, सतत, करवतीच्या दात्यांसारखी थरथर. मी फिजिओथेरपी शिकते. हात का थरथरतात याची कारणं मला पाठ आहेत. ती सगळी मी स्वतःला लावून पाहिली. चहा सोडला.

"चहा काऊन सोडला वं?" आईने विचारलं. "पोटात दुखून राह्यलं का?"

"असंच."

मग मूठ आवळून धरायला लागले. मनगट दुखायचं, रेंजवरचे गुण घसरायचे आणि घरची रेघ होती तशीच. सर म्हणाले ते खरंच होतं, असं मी मनाशी मान्य करून टाकलं. माणूस चुकू शकतो, यंत्र कशाला खोटं बोलेल?

मे महिन्यात एका दुपारी मी नेम धरलेला असतानाच लाइट गेली. कूलर घरघरत बंद पडला. बाबा झोपेतच ओरडले, "गेली का वं?" लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. आणि त्याच्यावरची रेघ एकदम गुळगुळीत झाली.

मी पुन्हा नेम धरला. पुन्हा तेच. लाइट आल्यावर कूलर सुरू झाला, तेव्हा मी जाऊन कपाटाच्या दारावर तळहात ठेवला. पत्रा गुणगुणत होता. खिडकीतला कूलर त्याच भिंतीला टेकलेला, आणि कपाटही. इतके दिवस माझा हात नाही, टार्गेट थरथरत होतं. आधी हसू आलं, मग उगाच आवळून मनगट दुखवल्याचा राग.

पण वर्धेत, मे महिन्यात, घरच्यांना कूलर बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. दोन दिवस मी वाक्य जुळवत होते. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "रोज एक तास कूलर बंद ठेवायचा का?"

बाबा बनियनवर कूलरसमोर पडले होते. "मे महिन्यात? अवं, माणसं मरतीन!"

"एका तासानं नाई मरत कोनी," आई म्हणाली. "उठा. अंगणात बसा."

ते दोघं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन कडुनिंबाखाली बसायला लागले. काकूही यायच्या. आतून मला त्यांच्या गप्पा ऐकू यायच्या.

"कूलर बिघडला का वो?"

"नाई," बाबा म्हणाले, "पोरगी नेम धरून राह्यली. आमी भाजून राह्यलो."

कूलर बंद झाल्यावर खरी चूक दिसायला लागली. माझी रेघ अलगद मधोमध यायची, तिथे थांबायची. मी मात्र अजून थोडं पक्कं होऊ दे म्हणून ट्रिगर दाबायचीच नाही. तेवढ्यात हात थकायचा, रेघ बाहेर निघून जायची आणि टिक व्हायची तेव्हा उशीर झालेला असायचा. सरांना मागच्या वर्षी दिसली ती थरथर ही होती. भीतीची नाही, फार वेळ थांबण्याची.

मग मी एवढंच शिकले : रेघ आत आली की सोडायचं. वाट बघायची नाही. घामाने पापण्या चुरचुरायच्या, तरी पिवळा भाग दिवसेंदिवस आखडत गेला. शेवटी तो मधल्या दहाच्या वर्तुळात मावला.

निवड चाचणीच्या दिवशी रेंजवर पत्रे तापले होते. मी हात उचलला, नेम काळ्या गोलाखाली, जिथे धरायचा असतो तिथे, येऊन थांबला आणि मी सोडलं. मध्ये एक गोळी फार वाईट गेली, तेव्हा जुन्या सवयीने पुढच्या गोळीला थांबावंसं वाटलं. मी पिस्तूल खाली घेतलं, श्वास घेतला, पुन्हा उचललं आणि वेळेत सोडलं. दहा. त्यानंतर मी कुणाकडेच पाहिलं नाही.

सरांनी नावं वाचली. पहिली नागपुरात सराव करणारी मुलगी. दुसरी मी.

"वा," सर म्हणाले, "भीती गेली वाटतं!"

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मान हलवणं सोपं होतं.

"भीती नव्हती, सर," मी म्हटलं. "मी उशीर करत होते. आता नाही करत."

सर मोठ्याने हसले. "बरोबर आहे. तेच होतं. मीच नीट पाहिलं नाही." त्यांनी क्लबच्या पिस्तुलाची पेटी माझ्याकडे सरकवली आणि संघाच्या टी-शर्टचं माप विचारलं.

"मीडियम," मी म्हटलं, आणि ते रेंजच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.