नकाशावरची मावशी

मावशीचं तोंड फाटकं होतं. सणसवाडीत तिला ओळखणारा कुणीही तिच्याबद्दल पहिली हीच गोष्ट सांगेल, आणि हसत हसत सांगेल. तिच्या खानावळीत शिवी खाल्ल्याशिवाय चपाती मिळत नसे. "ए मुडद्या, ताट सरकव पुढं." "का रं भाड्या, दोनच खाल्ल्यास? पोटात काय मेलंय का तुझ्या?" बिहारकडची, ओडिशाकडची, नांदेड-लातूरकडची कंपनीत राबणारी माणसं भिंतीला पाठ लावून रांगेनं बसलेली असत. ती परातीतून चपात्या उचलायची आणि प्रत्येक ताटात एक चपाती, एक शिवी टाकत पुढं सरकायची. एखाद्याला शिवी मिळाली नाही, तर आपलं काही चुकलं की काय म्हणून तो कावराबावरा होऊन तिच्याकडं बघायचा.

ती माझी आई. पण सगळे तिला मावशी म्हणत, हिंदीवाले मौसी म्हणत. त्यामुळं लहानपणापासून मीही तिला मावशीच म्हणत आले.

वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. मला घेऊन ती न्हावऱ्याहून सणसवाडीला आली, पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली आणि पुढच्या पडवीत खानावळ थाटली. थोडी मोठी झाल्यावर मी तिला विचारलं होतं, "तू असं का गं बोलतेस सगळ्यांशी?" पीठ मळता मळता ती म्हणाली, "बाईमानसाच्या दारात एवढे बाप्ये जेवाय येत्यात. ग्वाड बोलले तर एकांद्याला वाटायचं, हिच्या मनात काय तरी हाय. शिवी घातली की समदे ल्योक हुत्यात."

मला ते पटलं होतं. तरी लाज वाटायची ती वाटायचीच. कॉलेजातून येताना मी एक थांबा अलीकडंच उतरायचे, म्हणजे सोबतच्या मुलींना खानावळ आणि तिचा आवाज दोन्ही टळायचं. तिला हे ठाऊक होतं. वर्गातली एक मुलगी एकदा अचानक घरी आली, तर मावशी चुलीवरचं उतरवून ठेवून मागच्या दारानं बाहेर गेली आणि ती मुलगी जाईपर्यंत आत आली नाही.

सुधीर म्हणून बिहारातल्या छपऱ्याकडचा एक वेल्डर कायमचा गिऱ्हाईक होता. गावाकडून नवीन आलेल्या पोरांना खानावळीचा रस्ता सांगून सांगून तो वैतागला आणि एके दिवशी त्यानं मावशीला फोनच्या नकाशावर टाकून दिलं. 'मौसी का खाना' असं नावही दिलं. दुपारी फोन घेऊन तिच्यापुढं बसला. "कुठंय मी? दाव की," म्हणत ती वाकली. आधी हायवे दिसला, मग कंपन्यांच्या शेडच्या करड्या रंगाच्या चौकटी, मग आमची गल्ली आणि गल्लीत एक लाल खूण. "मौसी, उंगली रखो." तिनं पिठाचं बोट पदराला पुसलं आणि खुणेवर ठेवलं. खालून एक पट्टी सरकत वर आली. नाव, जेवणाच्या वेळा, फोन नंबर आणि मोठा फोटो. पदर खोचलेली, हातात उलथनं, तोंड आ वासलेलं. कुणाला तरी झापताना कुणीतरी काढलेला.

"अगं बया! म्हशीवानी तोंड केलंय की मी," म्हणून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

फोटोखाली लोक आपापलं मत लिहीत. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय रं?" विचारलं की पोरं म्हणत, "बढिया लिखा है, मौसी." आणि ते खोटं नव्हतं. पुढं तिला नादच लागला. नवा माणूस जेवायला आला की म्हणायची, "आधी फोनात बघ बरं, मी दिसते का. न्हाई दिसले तर जेवाय न्हाई."

मी एका कंपनीत हिशोबाच्या कामाला लागले आणि दौंडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घर सुखवस्तू, बोलणं मऊ. पाहुणे यायचे म्हणून त्या रविवारी खानावळ बंद ठेवली. मी पडदे लावले, परात-पातेली मागं नेऊन झाकली. मावशी काठाचं लुगडं नेसून सकाळपासून गप्प होती. पाहुणे आल्यावर "या, बसा" एवढंच म्हणाली.

मुलाचे मामा मोकळ्या स्वभावाचे. पाणी पिऊन म्हणाले, "पत्त्याला काय बी तरास न्हाई झाला बघा. नकाशात गावाचं नाव टाकलं, तर विहीनबाई फोटोसकट हजर!" त्यांनी फोन काढला, खुणेवर बोट ठेवलं आणि गंमत म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. "'खाना एक नंबर, मौसी की गाली फ्री.' 'रोटी माँगो तो गाली, ना माँगो तो बडी गाली.' हे बघा, ह्ये तर लई भारी, 'मौसी से ऐसी गालियाँ सीखी, जो हमारे पूरे जिले में किसी को नहीं आती.'"

सगळे हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. होणाऱ्या सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. आधी मावशीही हसली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. माझी मान खाली गेली होती, कान तापले होते. ती हसायची थांबली आणि चहा बघते म्हणून आत गेली.

पाहुणे पसंती सांगून गेले. तरी ती दारातच उभी होती.

"असं लिवलंय व्हय त्यात?"

"हो."

"दौंडात बी दिसतं?"

"कुठंही दिसतं, मावशी."

"तुझ्या हापिसात?"

"हो."

"म्हंजी तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. मी पडदे काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिनं चपात्या वाढल्या त्या अशा: "घ्या. अजून एक घ्या ना, सुधीरराव." नांदेडच्या एकाला ती थट्टा वाटली, तो खो खो हसला. ती हसली नाही. पडवीत भांड्यांचा तेवढा आवाज होत राहिला. आठवड्याभरात सुधीरनं मला गल्लीत गाठलं. "दीदी, मौसी को क्या हुआ? आप-आप करके बोलती है. खाना गले से नहीं उतरता."

तिनं त्याला सगळं पुसून टाकायला सांगितलं होतं. पण दुसऱ्यांचं लिहिलेलं त्याला पुसता येईना. मग तो एकेकाच्या हातापाया पडला. गुजरातेत गेलेल्यांना फोन केले. कुणी पुसलं, कुणाचा नंबर बदललेला होता, कुणाला ते कसं काढायचं हेच कळेना. थोडं उरलंच. मावशी त्याला म्हणाली, "असू द्या. तुमचा काय दोष? मी बोलले, तेच लिवलं त्यांनी."

दौंडला लग्न झालं. पूर्ण लग्नात ती कुणाशी वाकडा शब्द बोलली नाही. खरं तर बोललीच नाही. "विहीणबाई किती शांत आहेत हो," असं सासरच्या बायका म्हणाल्या आणि मला सुटल्यासारखं झालं. आज ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

पुढं थोड्याच दिवसांत तिनं खानावळ मोडली. "मुक्यानं वाढलेलं अंगी लागत न्हाई," म्हणाली आणि न्हावऱ्याला परत गेली. दौंडला आमच्याकडं आली की खुर्चीच्या कडेवर बसते. 'हाय' नाही, 'आहे' म्हणते. 'न्हाई' नाही, 'नाही' म्हणते. कुठून शिकली कोण जाणे. माझ्या लेकीनं एकदा दुधाचा अख्खा पेला तिच्या लुगड्यावर सांडला. मावशीचं तोंड उघडलं. तिनं माझ्याकडं बघितलं, तोंड मिटलं आणि म्हणाली, "असू दे हं, बाळा." माझी लेक तिला शांत आजी म्हणते. मी तिला कधी सांगितलं नाही, की तुझी आजी अशी नव्हती.

मागच्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीला भेटायला सणसवाडीला गेले होते. खानावळीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. समोरून कुणीतरी "दीदी!" म्हणून हाक मारली. सुधीर. केस पिकलेत, गल्लीच्या तोंडाशी स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलंय. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि पहिला प्रश्न विचारला, "मौसी कैसी है? अब भी वैसी ही गालियाँ देती है ना?"

मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. मी फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"मौसी! पहचानो कौन!" तो ओरडलाच. मग कानाला फोन घट्ट धरून, मान खांद्यात घालून, हसत उभा राहिला. पाठीत धपाटा बसणार हे ठाऊक असलेलं पोर उभं राहतं तसा. पलीकडून तिचा धुऊन वाळत घातल्यासारखा आवाज मलाही ऐकू आला. "नमस्कार. कोण बोलताय आपण?"

त्यानं नाव सांगितलं.

"हो का? बरे आहात ना? घरची मंडळी बरी आहेत ना?"

"जी... सब ठीक है, मौसी." फोन माझ्याकडं देताना त्यानं वर बघितलं नाही. "भूल गयी होंगी, दीदी. उमर भी तो हुई." उलट तोच माझी समजूत घालत होता.

घरी आल्यावर मी तिला परत फोन केला. "मावशी, तुला सुधीर आठवला नाही का गं?"

कितीतरी वर्षांनी तिचा जुना आवाज ऐकला. "न आठवाया काय झालं? 'मौसी' म्हनल्या म्हनल्या वळखला की. 'मुडद्या, एवढी वर्सं कुठं मेला व्हतास' असं अगदी जिभंवर आलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"फोन तुझा व्हता ना, बाई."