कागदावरचा डाग

चंपतराव हे वाडीच्या एका गोदामात मालाचा हिशेब ठेवणारे मालबाबू होते. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. हर्निया झाला तेव्हा रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. तेल-तूप कमी करा. एवढं कानावर पडलं आणि चंपतरावांनी घरी येऊन फर्मान काढलं, "आजपासून घरात तेल बंद."

सुभद्राबाईंनी मुकाट्यानं तेलाची बरणी वरच्या फळीवर चढवली. ज्या घरात रश्श्यावर तेलाची तर्री दिसली नाही तर ताट सरकवलं जायचं, तिथं पाण्यात शिजलेली वांगी वाढली जाऊ लागली. चंपतरावांनी हूं की चूं केलं नाही. कशाला करतील? त्यांची सोय बाहेर होती. गोदामासमोरच रसवंती. उसाच्या रसात तेलाचा थेंब नाही, म्हणून दोन गिलास. पेठा म्हणजे पाकातला कोहळा, त्यात तूप नाही, म्हणून तोही पावशेर. ज्याच्यावर तर्री तरंगत नाही ते अंगाला लागत नाही, असा बाबूसाहेबांचा हिशेब.

कमरेचा पट्टा मात्र सैल व्हायच्या ऐवजी घट्ट झाला. आता संशय कोणावर यावा? बायकोवर.

त्या रविवारी सुभद्राबाईंचा धाकटा भाऊ रुपराव काटोलहून आला होता. जेवायला बसले आणि चंपतरावांनी वर्तमानपत्राचा तुकडा ताटाशेजारी अंथरला. त्यावर कोबीची भाजी ठेवून बोटांनी दाबली. कागद ओला झाला.

"पाहा गा रुपराव, तुझ्या बहिणीचा कारभार. मी उपाशी मरून राहिलो अन् ही चोरून तेल टाकून राहिली."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "पाणी आहे ते," त्या हळूच म्हणाल्या. "वाळू द्या."

"काहून वं, मले शिकवतं?"

रुपरावनं मान खाली घालून जेवण उरकलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. सकाळी चंपतरावांनी पाहिलं, कागद खिडकीत खडखडीत वाळला होता. तेलाचा डाग औषधालाही नव्हता. त्यांनी कागदाचा बोळा केला, बाहेर टाकला आणि काही झालंच नाही असे कामावर गेले. लाज वाटली, पण बायकोसमोर चूक कबूल करायची तर जीभच उचलेना.

डॉक्टरांकडे पुढच्या भेटीत काटा पहिल्यापेक्षा वर गेला. डॉक्टरांनी विचारलं, खाणं काय चाललंय? आणि सगळं माहीत असून हा माणूस म्हणाला, "घरातलं तेल सुटत नाही, साहेब."

डॉक्टरांनी शेजारी उभ्या असलेल्या सुभद्राबाईंकडे पाहिलं. "तुम्हीही तेच जेवता?"

"हो. फोडणीचा वास आला तर यांचं मन जाईल. म्हणून दोघांची एकच भाजी करते."

"या बरं काट्यावर."

मागच्या खेपेला त्या सहज काट्यावर उभ्या राहिल्या होत्या, तो आकडा डॉक्टरांच्या कागदावर होता. आता सहा किलो कमी भरलं. डॉक्टर चंपतरावांकडे वळले. "बाहेर काय खाता?"

रसाचे गिलास निघाले. पेठा निघाला. "पण साहेब, त्यात तेल नाही."

"चंपतराव, तेलात ताकद जास्त, हे खरं. पण शरीर साखरेचीही मोजदाद ठेवतं. तेल वाचवलंत आणि त्याच्या कितीतरी पट साखर प्यायलात. पोटात गेलेल्या सगळ्याचे उष्मांक मिळून वजन ठरतं, नुसत्या तेलाचे नाही."

बसमध्ये सुभद्राबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या, आणि इतके दिवस रोज समोर बसून जेवताना आपल्याला ते दिसलं नाही, याचीच चंपतरावांना जास्त शरम वाटली. भावासमोर तिला चोर ठरवलं, तर भावासमोरच ते पुसायचं, असं त्यांनी ठरवलं.

रुपराव पुन्हा आला तेव्हा पानावर बसताच त्यांनी सांगून टाकलं. "त्या दिवशी तेल नव्हतं गा. मीच बाहेर गोड खात होतो. तुझी बहीण खरी होती."

रुपराव गोंधळला. त्यानं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं.

"पण भाऊजी, ताईनं तर त्याच दिवशी दारात मले सांगतलं, माह्याच हातून चुकून तेल पडलं असंल, तू तुह्या भाऊजीबद्दल मनात काही ठेवू नको."

सुभद्राबाई भाकरी घेऊन आल्या, दोघांना वाढली आणि परत गेल्या. चंपतरावांची मान काही ताटावरून वर निघेना.