उन्हाकडची जागा

एल्मर क्रेट्झ चौदा वर्षं बेसबॉलच्या मैदानात उजव्या टोकाला उभा राहिला. दुपारनंतर ऊन तिथे थेट डोळ्यांत येतं, म्हणून ती जागा कोणी मागून घेत नाही. एल्मरनं घेतली. संघाचा पगार मिळतोय तोवर कोळशाच्या खाणीत उतरावं लागत नव्हतं.

सामन्याआधी तासभर वाकून तो गवतातले खडे वेचायचा. मागचं कुंपण एकोणतीस पावलांवर; तेही रोज मोजायचा.

पण चार वर्षांपासून उंच गेलेला चेंडू त्याला दिसत नव्हता. एकच चेंडू सामनाभर चालायचा, संध्याकाळपर्यंत मातीनं, तंबाखूच्या थुंकीनं काळा व्हायचा. एल्मर कानानं खेळायचा. बॅटचा कोरडा कडाका आला की मागे पळायचं, बद्द आवाज आला की पुढे. चेंडू जवळ आला की ठिपका दिसे. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

१९११च्या मोसमातला शेवटचा सामना. मॅनेजर मॅकगिल सकाळीच म्हणाला, "एल्मर, आज नीट झेल. सुटला, तर पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्याला."

"सुटणार नाही."

मधल्या जागेवरचा डीगन हसला. "आजोबा, दमलात तर माझ्या सावलीत या."

"तुझी सावली तुझ्याएवढीच आळशी. हलतच नाही."

शेवटच्या डावात संघ एका धावेनं पुढे होता. पाहुण्यांचे दोन गडी बाद, तिसरा गेला की डाव संपणार; त्यांचे दोघे वाटेतल्या थांब्यांवर धावायच्या तयारीत. तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. एक भोंगा म्हणजे उद्या काम, तीन म्हणजे सुट्टी. प्रेक्षक सगळे खाणकामगार. ते मोजायला गप्प झाले.

त्याच भोंग्यात बॅट फिरली. एल्मरला आवाज आला नाही. तो उभाच राहिला.

"मागे! आजोबा, मागे!" डीगन ओरडला.

एल्मर पळाला. पूर्ण एकोणतीस पावलं. चेंडू कुंपणापाशी गवतात पडलेला होता. थांब्यांवरचे दोघेही धावून शेवटच्या पाटीशी पोचले; पाहुणे एका धावेनं पुढे गेले.

"झोपलास काय रे, क्रेट्झ?" लोक ओरडले.

पुढचा गडी बाद झाला. बाजू बदलताना सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे हातमोजे गवतातच टाकले. एल्मर आपला घेऊन आला.

"हातमोजा इथे कशाला?" मॅकगिलनं विचारलं. "बरोबरी झाली तर पुन्हा लागेल."

"दुसऱ्याला उभं करा. मला चेंडू दिसत नाही. चार वर्षं झाली."

मॅकगिल त्याच्याकडे बघत राहिला. "मग झेलत कसा होतास?"

"ऐकून."

मॅकगिलनं टोपी काढून पुन्हा घातली.

"भोंगे किती झाले?" एल्मरनं विचारलं.

"एकच."

एल्मरनं मान हलवली. फलंदाजीत त्याचा नंबर तिसरा होता. बाकाखालून त्यानं बॅट ओढली आणि मुठीवरचा घाम विजारीला पुसून उभा राहिला.