आकारामचा उजवा हात

शिराळ्याकडच्या आकाराम पाटोळेनं काढलेलं इंजिनाचं चित्र बघून अक्षरओळख नसलेला शेतकरीसुद्धा इंजिन खोलून परत जोडायचा. साताऱ्याजवळच्या तेल-इंजिनांच्या कारखान्यात तो ड्रॉइंग ऑफिसला होता. इंजिनाबरोबर गिऱ्हाइकाला जी पुस्तिका मिळायची, तिच्यातली चित्रं त्याची. टी-पट्टी आणि शाईचं पेन, एवढ्यावर तो खूश होता.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचे साहेब, लालासाहेब, त्याला म्हणाले, "पट्ट्यावरचं झाकण काढ आन् आतलं बघून चित्र काढ. उद्या पायजे."

"इंजिन बंद करून काढतो की, साहेब."

"बंद केलं की चाचणी थांबती. काढ म्हटलं ना."

आकाराम वाकला आणि त्याची बाही पट्ट्यात सापडली. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. तो दवाखान्यात असतानाच चौकशी झाली. झाकण त्यानं आपल्या मनानं काढलं, असं लालासाहेबांनी तिथं शांतपणे सांगितलं. कारखान्यातला ज्ञानू फिटर खाटेशी बसून हे बोलला, तेव्हा आकाराम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

कारखान्यानं त्याला काढलं नाही. नकाशांच्या प्रती काढायच्या खोलीत बसवलं. तिथं अमोनियाचा वास डोक्यात जायचा. चित्रं आता लालासाहेब स्वतः काढायचे, खाली वळणदार सही करायचे, आणि आकाराम त्यांच्या प्रती काढायचा. सकाळी शर्टाची बटणं बायको, रंगूबाई, लावून द्यायची.

"जाऊ द्या आता. देव बघून घील," ती म्हणायची.

"देवाला कामं हायती. मीच बघतो."

एकोणऐंशी साली कारखान्यात चित्र काढणारं यंत्र आलं. टेबलावर मावेल एवढा कॉम्प्युटर आणि शेजारी कागदावर आपोआप फिरणारं पेन. रेषेचं एक टोक कुठं आणि दुसरं कुठं, हे आकड्यांत सांगायचं, कळा दाबायच्या, की पेन रेषा ओढायचं. शिकवायला मुंबईहून माणूस आला. शिकणार लालासाहेब. कागद लावायला आकाराम.

लालासाहेबांना ते रुचलं नाही. रेषा हातात यायला हवी, आकड्यांत कसली येते, म्हणायचे. कसंबसं वहीत उतरवून घ्यायचे. आकाराम कागद लावता लावता सगळं बघत होता. कळ दाबायला एक बोट पुरतं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो डाव्या हातानं सराव करायचा. बोटं गेल्यावर पाच वर्षांनी त्यानं पहिलं वर्तुळ काढलं, तेव्हा कागद तोंडाजवळ धरून बराच वेळ उभा होता.

मग मालकांना यंत्र दाखवायचा दिवस आला. लालासाहेबांनी सुरुवात केली. पेन अर्धं चित्र काढून थांबलं. त्यांनी दोन-चार कळा दाबल्या, वही चाळली, घाम पुसला.

"आकाराम, पुढं काय रं?"

"ठावं हाय मला. पर सांगणार न्हाई."

मालक वळले. "का सांगणार नाहीस?"

आकारामनं उजवा हात टेबलावर ठेवला. "झाकण काढ म्हणून कुणी सांगितलं हुतं, ते त्यांनी आधी सांगावं. मग मी सांगतो."

लालासाहेबांनी वही मिटली. शेवटी खाली बघत ते पुटपुटले, "मीच सांगितलं हुतं."

"मोठ्यानं."

ते मोठ्यानं म्हणाले. आकारामनं मग एका बोटानं चित्र पुरं केलं.

महिन्याभरात लालासाहेब नोकरी सोडून कराडला गेले आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. यंत्र आकारामच्या ताब्यात आलं. एवढ्यावर एखादा थांबला असता. आकाराम सुट्टी काढून कराडला गेला आणि स्वतःच्या नावाची पाटी लिहायला टाकली. लालासाहेब लिहीत होते तोवर समोर स्टूल घेऊन बसला.

"ळ वाकडा झालाय. परत लिवा."

ळ वाकडा नव्हता. ते दोघांनाही दिसत होतं. लालासाहेबांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिली.

"बरं वाटलं का?" घरी रंगूबाईनं विचारलं.

"लय."

ती पाठ फिरवून चुलीकडे गेली. आकारामनं पाटी दारावर ठोकली. आल्या-गेल्यानं अक्षराचं कौतुक केलं की तो लिहिणाऱ्याचं नाव आवर्जून सांगायचा, आणि दोनदा लिहून घेतली हेही.