थोट्याची विहीर

पारनेरकडून येताना आमच्या वस्तीला वळतो त्या फाट्यावर नवी पाटी लागणार होती. त्याच सुमारास वस्तीवरच्या चर्चची वर्धापनाची पुस्तिका माझ्या हातात आली. मी निवृत्त शिक्षिका, नगरला राहते, सणावाराला वस्तीवर जाते. पुस्तिकेत लिहिलं होतं की इंग्लंडच्या चर्चचे पहिले पादरीसाहेब इथे आले, त्यांनी विहीर खोदली, आणि त्यांच्या आडनावाचा अपभ्रंश होऊन वस्तीला ‘थोट्याची विहीर’ हे नाव पडलं. आता पाटीवर साहेबांचं मूळ आडनाव घालावं, अशी चर्च कमिटीची शिफारसही होती.

तो थोटा माझा पणजोबा.

गावविहिरीवर आमच्या माणसांना पाणी भरू देत नसत. बाप्तिस्मा घेतला तरी देईनात. म्हणून मिशनच्या जागेत विहीर घ्यायचं ठरलं. पैसा साहेबांनी उभा केला, हे खरं. पण कातळ फोडायला खाली उतरले ते आमचे लोक. एक सुरुंग उशिरा उडाला आणि पणजोबांचा उजवा हात कोपरापासून गेला. जखम भरल्यावर ते पुन्हा उतरले आणि डाव्या हाताने दगडांच्या पाट्या भरू लागले. हे मला वडिलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

मी कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेले. ते माझेच जुने विद्यार्थी.

“बाई, थोटा म्हणायला बरं दिसत नाही,” ते म्हणाले. “साहेबांच्या नावात मान आहे.”

“हात कुणाचा गेला, त्याचा मान नाही?”

“पण त्याला पुरावा काय? ऐकीव गोष्ट ती.”

“आणि तुमच्या गोष्टीला?”

“आडनाव जुळतंय की.”

एवढ्यावर त्यांनी इतिहास छापला होता.

सध्याच्या तरुण पादरीसाहेबांनी मला दफनाच्या जुन्या वह्या काढून दिल्या. दोन दुपारी मी कसर लागलेली पानं उलटत बसले. पणजोबांची नोंद सापडली. त्याच इंग्रज साहेबांनी शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं, की विहीर खणताना या माणसाचा उजवा हात गेला. माझा संताप आणखीच वाढला. जे त्या इंग्रजाने स्वतःकडे घेतलं नव्हतं, ते आमच्याच लोकांनी त्याला बहाल केलं होतं, ते पण आपल्याच माणसाची लाज वाटून.

रविवारी उपासनेनंतर मी ती नोंद सगळ्यांसमोर वाचली. माझी म्हातारी आत्या पुढच्या बाकावर होती. ती बसूनच म्हणाली, “साहेब लई चांगला हुता म्हनायचे. पन पहार काय त्यानं धरली न्हाई. आमी तर लहानपनापासून हेच ऐकत आलोय.”

कमिटीने शिफारस मागे घेतली. पाटीवर ‘थोट्याची विहीर’ असंच लागलं. पण पुस्तिका कुणी बदलली नाही. प्रती वाटून झाल्यात, म्हणाले. उरलेला गठ्ठा अजून चर्चच्या दाराशी आहे, पाहुण्यांना त्यातलीच एक देतात.

माझ्या घरी तीन प्रती आल्या होत्या. तिन्हींतलं ते पान मी फाडून टाकलं. पुस्तक फाडू नये, हे मी जन्मभर मुलांना शिकवलं.