ओदेतच्या वळणावरचा मुरूम

रेजिस देलपेशला गावानं रस्ते राखायला ठेवलं त्याला एकतीस वर्षं झाली. आमचं कोंबसेक म्हणजे माणसं एकशेबारा आणि मेंढरं त्याच्या दसपट. डांबराचा रस्ता एकच, तो खाली ओढ्याकडेनं जातो. बाकी सगळ्या पाणंदी. दोन्ही अंगाला दगडी बांध, वर ओकची सावली, पायाखाली पांढरा मुरूम. हा कारभार रेजिसचा.

गावानं त्याला एक छोटी गाडी दिली होती, पण ती तो फक्त मुरूम आणायला काढायचा. पाणंदी बघायला जाताना बापाची काळी सायकल. आडव्या दांडीला दंताळं बांधलेलं, मागं फावडं. गाडीत बसून रस्ता कळत नाही, ढुंगणाखाली सायकल पाहिजे, असं त्याचं म्हणणं. एखाद्या ठिकाणी शंका आली की उतरायचा, बाटलीतलं पाणी रस्त्याच्या बरोबर मधोमध ओतायचा आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहायचा. निम्मं पाणी डाव्या कडेला, निम्मं उजव्या कडेला गेलं तर रस्ता बरा. मधेच थांबलं तर दुसऱ्या दिवशी तिथं मुरूम पडलाच म्हणून समजा. बायकोच्या वाढदिवसाला काय द्यायचं ते त्याला दरसाल आठवण करून द्यावं लागायचं, पण कुठल्या वळणावर कुठल्या साली चारी काढली ते झोपेत सांगायचा.

दहाएक वर्षांमागं जाड टायरच्या सायकलींवरनं माणसं यायला लागली. आम्हाला आधी वाटलं, वाट चुकली असतील. पण ती परत परत यायची, मुद्दाम मुरमातनं जायची.

"चांगलं डांबर सोडून हितं मरायला कशाला येत्यात ही?" रेजिस म्हणायचा.

"डांबरावर खाणीचे ट्रक मारत्यात, म्हनून," मी म्हणालो. मी मेंढरं राखतो आणि गावच्या पंचायतीत बसतो, दोन्हीकडं ओरडायचं काम सारखंच.

मग एकदा एक बेल्जियमचा गडी उतरला, मूठभर मुरूम हातात घेतला, आणि हा रस्ता कोण करतं म्हणून विचारलं. रेजिस कान लाल करून म्हणाला, "पाऊस करतो. मी नुसता त्येच्या मागनं निस्तरतो." त्या दिवसापासनं तो पाणंदीवरचा पालासुद्धा झाडायला लागला. मला विचारलं तर म्हणाला, सायकल घसरती पाल्यावर.

यंदा जिल्ह्यानं ठरवलं की आमच्या आणि शेजारच्या गावांच्या पाणंदी जोडून सदतीस किलोमीटरचा एक फेरा करायचा आणि लाकडी खांब रोवून वाट दाखवायची. अट एकच, फेऱ्यात कुठंही मोटारीचा रस्ता नको. रेजिस डिसेंबरात निवृत्त होणार होता. जाता जाता आपल्या पाणंदींना खांब लागणार म्हणून गडी खूश होता. दाखवत नव्हता, पण रोज दाढी करायला लागला होता.

ऑक्टोबरात मोजणीवाली आली. एलोदी नावाची शहरातली पोरगी, हातात पाटीसारखं यंत्र. आम्ही तिघं चालत कालमेतांच्या मळ्याजवळ आलो, आणि ती थांबली.

"मस्यू देलपेश, हा ठिपका म्हणजे आपण," ती म्हणाली. "आणि गावाची पाणंद ही रेघ. आपण रेघेवर नाही आहोत. आपण शेतात चालतोय."

"यंत्र बिघडलं आसंल," रेजिस म्हणाला.

ती पंचवीस पावलं डावीकडं गेली, काटेरी झुडपांच्या दाट जाळीला जाऊन टेकली. "खरी पाणंद या जाळीच्या आत आहे. आपण उभे आहोत ती जमीन कुणा कालमेतबाईंची. चारशे मीटर."

रेजिसचं तोंड मुरमासारखं पांढरं झालं. मग हळूहळू त्याला आठवलं. नव्याण्णवच्या डिसेंबरातलं वादळ. त्या रात्री इथले सात ओक पाणंदीवर आडवे झाले होते. वरच्या घरांना पाव आणि औषध पोचायला पाहिजे, म्हणून त्यानं झाडांना वळसा घालून शेताच्या कडेनं वाट काढली. नुसती आठवड्यापुरती. मग चिखल झाला म्हणून थोडा मुरूम टाकला. मग चारी काढली. मग अजून मुरूम. झाडं कुणी पुरती उचललीच नाहीत, त्यांच्यावर काटे चढले, आणि जुनी पाणंद तो स्वतःच विसरला.

"मालकिणीची सही मिळाली तर ठीक," एलोदी म्हणाली. "नाही मिळाली तर फेरा इथं तुटतो. मग खाली डांबरानं न्यावा लागेल, आणि मग तो मंजूर होत नाही."

ती गेल्यावर रेजिस बांधावर बसला.

"पंचवीस वर्सं," तो म्हणाला. "पंचवीस वर्सं गावाचा मुरूम लोकाच्या रानात टाकला म्या. आन लोक तरी कोन, तर ओदेत."

ओदेत कालमेत म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. शेजाऱ्याचा अक्रोड तिच्या अंगणात पडतो म्हणून तिनं त्याला कोर्टात नेलं होतं. अक्रोड मात्र परत दिले नव्हते. तिच्या फाटकावर अजून पाटी आहे, कुत्रा चावतो. पाटीवरचा तो कुत्रा मरून सहा वर्षं झाली.

"ती साखळी लावनार," रेजिस म्हणाला. "उद्याच लावनार. मेयरबाईंना पाठवू का?"

"मेयरबाईंशी ती गेली निवडनूक झाल्यापासनं बोलत न्हाई. तूच जा."

"तू पन चल. मारलं तर कुनीतरी बघायला पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. ओदेत स्वयंपाकघरात अक्रोड फोडत बसली होती. टेबलाखाली एक लहानशी तपकिरी कुत्री झोपली होती, दोन वर्षांची. बसा म्हणाली नाही, आम्ही बसलो. रेजिसनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मादाम कालमेत, एक चूक झालीया माज्याकडनं."

"एकच?" ओदेत हातोडी न थांबवता म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं. वादळ, झाडं, वळसा, मुरूम. आवाज इतका खाली गेला की शेवटचं वाक्य मलाच पुरं करावं लागलं. ओदेतनं दोन अक्रोड फोडले.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं. या खिडकीतनं बघत हुते. माजा नवरा म्हनला, जाऊन सांगतो, आपल्या रानात शिरलाय त्यो. म्या म्हनलं, गप बस फेर्नां, मुरूम पडू दे."

रेजिसनं गुडघ्यावरची टोपी उचलून टेबलावर ठेवली.

"त्येच्या आधी हितं चिखलातनं गाय बाहीर काडायची म्हंजी सकाळ जायाची. तुज्या मुरमानं आंगन कोरडं झालं. तवापासनं दर वर्साला मी भ्याले, की कुनाच्या तरी ध्यानात यील आन समदा मुरूम भरून परत घिऊन जातील. काल ती पोरगी जाळीपाशी उभी ऱ्हायली तवा मी जेवान सोडून खिडकीशी आले."

"आम्हाला वाटलं तुमी साखळी लावनार," मी म्हणालो.

"साखळी? आन माज्या दारातल्या नळावर पानी भराया कोन येनार मग? परवा एक गडी आला हुता, आखूड इजार, लाज नसल्यागत. म्या झापला त्येला. बाटली भरून दिली." ती रेजिसकडं वळली. "सही देते. पन फुकट न्हाई. माजी ही पट्टी गावानं घ्यावी आन ती जुनी पाणंद मला द्यावी. सरळ अदलाबदल."

"ती जाळी?" रेजिस म्हणाला. "काट्यांचं काय करनार तुमी या वयात?"

"तुला काय करायचंय?"

मेंढरं राखणाऱ्याला गवत वाचता येतं. काल त्या जाळीच्या आत, पडलेल्या ओकपासनं उगवलेल्या कोवळ्या झाडांखाली, मला गवत जळाल्यासारखी गोल कडी दिसली होती. आमच्याकडं त्याचा अर्थ एकच, खाली त्रुफ आहे, ती सोन्याच्या भावाची काळी अळंबी, जिच्यासाठी सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. ओदेतच्या रानात एकही तसं झाड नाही. तरी दर जानेवारीत तिच्या ऑम्लेटचा वास पार चर्चपर्यंत येतो. टेबलाखालची कुत्री जमिनीतला कसला वास हुडकायला पाळली ते मला त्या क्षणी कळलं, आणि मला कळलं हे ओदेतला कळलं. तिनं माझ्यापुढं अक्रोडाच्या दारूचा पेला ठेवला, काठोकाठ भरून. रेजिसला निम्माच.

"गावाला चालंल," मी म्हणालो.

रेजिस सायकल घेऊन फाटकाबाहेर आला. मग हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत.

"ती मला भीत हुती," तो म्हणाला. "ओदेत. मला."

पंचायतीत हात वर झाले, महिनाभर कागद पंचायतीच्या दारावर लागला, कुणी हरकत घेतली नाही. जुनी पाणंद कागदावर ओदेतची झाली आणि मुरमाची वाट गावाची. डिसेंबरात शेवटच्या आठवड्यात खांब आले. ओदेतच्या वळणावरचा खांब रेजिसनं स्वतः रोवला, आणि मग सवयीनं बाटली काढून रस्त्याच्या मधोमध पाणी ओतलं. निम्मं डावीकडं, निम्मं उजवीकडं. ओदेत फाटकात उभी होती.

"माज्या दाराकडं जास्त आलं," ती म्हणाली.

"बरोबर निम्मं हाय."

"उद्या एक घमेलं टाक हिकडं."

"उद्या मी कामावर नसनार, मादाम. निवृत्त झालो."

"मग रिकामाच असशील की," ओदेत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, एक घमेलं मुरूम घेऊन. जानेवारीच्या मध्याला ओदेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन त्याच्या घरी आली, टेबलावर ठेवलं आणि बसली नाही. त्या संध्याकाळी रेजिसच्या धुराड्यातनं असा वास आला की मेयरबाईंनी खिडकी उघडून विचारलं, आज त्याच्याकडं काय आहे.

अंडी असतील, मी म्हणालो.