ज्वारीखालची कोरडी जमीन

पुण्याहून कर्जतला जाणारी पहाटेची एसटी सुटली, तेव्हा मी तिसऱ्यांदा पिशवी उघडून पाहिली. ओल मोजायचं यंत्र, त्याच्या लांब सुया, वही, सगळं होतं. जिवाला चैन तेवढी नव्हती. उपग्रह जमिनीकडे सूक्ष्मलहरी सोडतो. त्या परत किती येतात, त्यावरून मातीतली ओल काढतात. तसा कर्जतच्या एका भागाचा नकाशा मी केला होता. त्यात ज्वारीचा एक पट्टा चांगलाच ओला दिसत होता. तिथे ना पाऊस झालेला, ना कालव्याचं पाणी पोहोचलेलं. मग ओल आली कुठून? दुपारी दोनला पाणीवाटपाची बैठक होती आणि माझ्या नकाशाप्रमाणे त्या पट्ट्याला पाणी सगळ्यात शेवटी मिळणार होतं.

भिगवणच्या पुढे ऊस विरळ होत गेला. राशीननंतर दोन्ही बाजूंना काळी रानं आणि त्यांत पुरुषभर उंचीची हिरवी ज्वारी. दुसरं कुणी खिडकीतून बघून खूश झालं असतं. मला ती हिरवाई बघवेना.

कर्जतला उतरून जीपने गावात पोहोचले. शेताच्या मालकीण मार्थाबाई बांधावरच उभ्या होत्या. साठी उलटलेली, पदर खोचलेला, हातात खुरपं. मी आदल्या दिवशी फोन करून येणार असल्याचं कळवलं होतं.

"च्या घे आदी," त्या म्हणाल्या. "ज्वारी कुटं पळून जात न्हाई."

चहा तसाच ठेवून मी बांधालगत सुई रोवली. ती लोण्यात जावी तशी गेली आणि यंत्राने भरपूर ओल दाखवली. मला हायसं वाटलं. म्हणजे नकाशा बरोबर होता.

"गेली का नीट?" मार्थाबाईंनी विचारलं. "काल सांजच्याला चार हंडे वतलेत मी तितं."

"का हो मावशी?"

"तूच म्हन्लीस ना, सुई रोवायची हाय म्हनून. भुई लई टनक झालीया. पावन्याची सुई मोडली तर?"

त्यांनी हौसेने प्यायच्या पाण्यातलं पाणी ओतलं होतं. रागावणार तरी कुणावर? मी पिशवी उचलून ज्वारीत शिरले. दहा पावलांतच पानांवरच्या दहिवराने (दवाने) बाह्या ओल्याचिंब झाल्या. पायाखाली मात्र हात जाईल एवढ्या भेगा. पहिली सुई वाकली. मग मार्थाबाईंनी खुरप्याने वीतभर उकरून दिलं, तेव्हा कुठे दुसरी आत गेली. माती कोरडी होती. आम्ही आणखी पाच ठिकाणी उकरलं. सगळीकडे तेच.

ओल होती ती ज्वारीच्या ताटांत आणि पानांत. लहरी तिथेच अडकून माघारी फिरत होत्या आणि मी त्या मातीच्या नावावर मांडत होते. पिकातल्या ओलीची वजावट मी धरली होती, पण गुडघाभर ज्वारीएवढीच.

"पोटरीत आलीया," मार्थाबाई ताट चाचपत म्हणाल्या. (पोटरी म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधीची फुगीर अवस्था.) "आता पानी गावलं तरच दाना भरंल."

घड्याळात सव्वा वाजला होता. रेंज मिळेपर्यंत मी बांधाबांधाने पळाले आणि बैठकीत नकाशा मांडणार होते त्या आमच्या सरांना फोन लावला.

"नकाशा चुकलाय. माझीच चूक आहे, मागे घ्या."

"खात्री आहे?"

"सहा ठिकाणी उकरून बघितलं."

ते म्हणाले, "बैठकीत मी सांगतो. पण लेखी पाठव, तुझ्या नावाने."

अडीचला त्यांचाच फोन आला. पहिलं पाणी या पट्ट्याला मिळणार होतं. मार्थाबाईंना सांगितलं, तर त्यांनी भाकरी-पिठलं वाढलं.

"बरं झालं यंदा तू आलीस," त्या म्हणाल्या. "गेल्या सालीबी रान आसंच वाळलं हुतं. पानी आलं तवर कनसं पोचट झाल्ती. का उशीर केला, कुनी सांगितलंच न्हाई."

मला माहीत होतं. गेल्या वर्षीचा नकाशाही मीच केला होता, याच वजावटीने. सगळ्यांनी कौतुक केलं होतं आणि मी सुई घेऊन कुठेही गेले नव्हते. तोंडाशी आलं होतं, पण मी बोलले नाही. याची लाज वाटते.

निघताना त्यांनी दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या. पुणं आलं तरी ती गाठ मला सोडवेना.